समुद्राचा सातबारा कोणाच्या नावावर?

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात भारताच्या समुद्रकिनाऱ्याची लांबी ११,०९८.८१ किलोमीटर अशी नोंदलेली आहे. त्यापूर्वी कित्येक दशके शाळेच्या पुस्तकांपासून संसदेतील उत्तरांपर्यंत सर्वत्र ७,५१६.६ किलोमीटर हाच आकडा वावरत होता. महाराष्ट्राचा किनारा ६५२.६ किलोमीटरांवरून ८७७.९७ वर गेला, गोव्याचा १०१ वरून जवळजवळ १९४ वर. पुदुच्चेरीचा मात्र थोडा घटला. समुद्र कोठे सरकला नाही, नवे बेट वर आले नाही, शेजाऱ्याचा मुलूख जिंकला गेला नाही. बदलले ते नकाशाचे प्रमाण. जुनी मोजणी फार ढोबळ नकाशांवरची होती, नवी १:२,५०,००० प्रमाणावरची आहे. प्रमाण बारीक झाले की खाडीचे प्रत्येक वळण मोजणीत येते आणि रेषा लांबते. उद्या याहून बारीक नकाशा घेतला तर ती आणखी लांबेल. गणिताच्या अभ्यासकाला यात नवल वाटणार नाही. परंतु समाजवादी कार्यकर्त्याने येथे क्षणभर थांबावे. जी वस्तू सामान्य माणूस निसर्गदत्त समजतो, ती कोणत्या तरी कचेरीने, कोणत्या तरी मोजपट्टीने आणि कोणत्या तरी हेतूने ठरवलेली असते. हेतू बदलला की मोजपट्टी बदलते आणि मोजपट्टी बदलली की वस्तूही बदलते.

आज समुद्राचा कारभार अशाच मोजपट्ट्यांच्या हाती गेलेला आहे. उपग्रहाची छायाचित्रे, भरतीरेषेचे नकाशे, जहाजांचा माग काढणारी यंत्रे, समुद्रतळाची सर्वेक्षणे, मासळीच्या थव्यांचे अंदाज यांच्या आधारे कोठे बंदर व्हावे, कोठे वाळू उपसावी, कोठे अभयारण्य करावे आणि कोणाची होडी कोठवर जावी हे ठरते. या सगळ्याला ‘शास्त्रीय नियोजन’ असे भारदस्त नाव आहे. नाव ऐकले की विरोधकाची जीभ अडखळते. शास्त्राला विरोध करणारा प्रतिगामी ठरतो आणि प्रतिगामी म्हणवून घेणे पुरोगामी माणसाला सर्वांत जड जाते. परिणामी किनाऱ्यावरच्या लढ्यांत आपले कार्यकर्ते मोर्चाच्या अग्रभागी दिसतात, पण नकाशा टेबलावर पसरला गेला की ‘हा तांत्रिक विषय आहे, तज्ज्ञांवर सोपवा’ असे म्हणून बाजूला होतात. ही चूक महागात पडत आहे. लढाई मोर्चात हरली जात नाही. ती त्या टेबलावर आधीच हरलेली असते.

जमिनीच्या बाबतीत शेतकऱ्याची स्थिती कितीही हलाखीची असो, त्याच्या हाती एक कागद असतो. सातबाऱ्यावर त्याचे नाव असते, कुळाचे असते, पिकाची नोंद असते. धरण आले, रस्ता आला, कारखाना आला की तो सातबारा घेऊन मामलेदार कचेरीत उभा राहतो. मोबदला तुटपुंजा मिळेल, उशिरा मिळेल, पण ‘तू येथे नव्हतास’ असे त्याला कोणी म्हणू शकत नाही. कोळ्याला, मांगेल्याला, दालदी मच्छिमाराला नेमके हेच म्हणता येते. त्याच्या आजाने ज्या ठिकाणी डोल लावली, बापाने लावली आणि तो स्वतः लावतो, त्या जागेचा उतारा कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरात नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने जलाशयांवर उपजीविका करणाऱ्या कुटुंबांना बाधितांच्या व्याख्येत घेतले हे खरे. पण त्यासाठी आधी भूसंपादन व्हावे लागते. समुद्र संपादन करावाच लागत नाही. तो सरकारचाच आहे, असे सरकारच म्हणते.

डहाणू तालुक्यातील वाढवणचे उदाहरण घ्यावे. या बंदराची कल्पना जुनी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ साली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. १९९८ साली या प्राधिकरणाने वाढवणला बंदर होऊ शकत नाही असा स्पष्ट निर्णय दिला. पंचवीस वर्षांनी, धर्माधिकारी यांच्या निधनानंतर, त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी अटी घालून संमती दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६,२०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. समर्थकांचा लाडका युक्तिवाद असा, की बंदर समुद्रात भराव घालून उभे राहणार, सबब बंदरासाठी गावे उठवावी लागणार नाहीत. भराव सुमारे १,४४८ हेक्टरांचा. जमिनीवर एवढे क्षेत्र घ्यायचे म्हटले असते तर किती गावांचे सातबारे काढावे लागले असते याचा हिशेब वाचकांनी स्वतः करावा. समुद्रात तेच क्षेत्र हिशेबात शून्य धरले जाते, कारण नकाशावर तेथे निळ्या रंगाखेरीज काही नाही. भरतीओहोटीच्या पट्ट्यातील खडकांत शेवंड धरणारा, ओहोटीला शिंपल्या वेचणाऱ्या बाया, डोलीचे खुंट, मासळीची वीण, यांना त्या निळ्या रंगात जागा नाही.

त्याच दिवशी त्याच व्यासपीठावरून आणखी एक योजना जाहीर झाली आणि तिच्याकडे वृत्तपत्रांनी फारसे लक्ष दिले नाही. तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील यांत्रिक व मोटार लावलेल्या मासेमारी बोटींवर एक लाख ट्रान्सपाँडर बसवण्याची ही सुमारे ३६० कोटींची योजना. यंत्र इस्रोने विकसित केलेले, देशी बनावटीचे. त्यातून वादळाची सूचना मिळेल, संकटात सापडलेला तांडेल हाक देऊ शकेल, सरहद्द ओलांडली जात असेल तर इशारा मिळेल. यातील एकही गोष्ट नाकारण्यासारखी नाही. ज्यांच्या घरातला माणूस वादळात परतला नाही त्यांना हे यंत्र काय आहे ते सांगण्याची गरज नाही. पण त्या दिवसाचे दोन कागद शेजारी ठेवून पाहावेत. एका कागदावर बोट कोठे आहे हे सरकारला क्षणोक्षणी दिसण्याची व्यवस्था आहे. दुसऱ्या कागदावर ती बोट जेथे जाते ती जागा अस्तित्वातच नाही. मच्छिमार दिसला पाहिजे, पण त्याची मासेमारीची जागा दिसता कामा नये: पालघरच्या त्या सभेचे खरे अर्थशास्त्र हे होते.

अरबी समुद्राला ही रीत नवी नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ‘कार्ताझ’ नावाचा परवाना काढला. तो नसेल तर जहाज लुटावे, बुडवावे असा त्यांचा न्याय होता. शतकानुशतके या पाण्यातून ये-जा करणाऱ्या गुजराती, अरब, मलबारी व्यापाऱ्यांना एकाएकी स्वतःच्याच वाटेवर परवाना मागावा लागला. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपले दस्तक चालू केले आणि इंग्रजांनाही ते घ्या म्हटले, तेव्हा इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले. परवाना कोण देतो यावर राजा आणि चाचा यांतील भेद ठरत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने विशेष आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नवे नियम अधिसूचित केले. त्यांनुसार यांत्रिक आणि मोठ्या मोटारबोटींना खोल समुद्रातील मासेमारीसाठी ‘रिअलक्राफ्ट’ या शासकीय संगणक-प्रणालीवरून प्रवेशपत्र घ्यावे लागते. बिनयांत्रिक व लहान मोटारबोटींना यातून सूट आहे आणि सहकारी संस्थांना प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे. परदेशी जहाजांना दारे बंद ठेवली आहेत. हे सारे चांगले आहे व त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. मात्र प्रवेशपत्र म्हटले की नोंद आली, नोंद म्हटली की कोणी किती मासळी कोठून आणली याचा इतिहास साठू लागला. या इतिहासाचा मालक कोण, याविषयी पाऊण शतकाचा सहकाराचा अनुभव असलेल्या महाराष्ट्राने आजच विचारले पाहिजे.

विचारायचे का, ते आइसलंडकडे पाहून समजेल. त्या देशाने १९८४ साली कॉड वगैरे तळाच्या मासळीसाठी प्रत्येक बोटीला वाटा ठरवून दिला. वाटा कशावर ठरला? मागील तीन वर्षांत त्या बोटीने किती मासळी पकडली या आकड्यांवर. हेतू साठा वाचवण्याचा होता, आणि तो प्रामाणिक होता. १९९० च्या कायद्याने हे वाटे विकता-विकत घेता येऊ लागले. म्हणजे तीन वर्षांची जी आकडेवारी शास्त्रज्ञांच्या उपयोगाची होती ती मालमत्ता झाली. ज्याच्या नावावर नोंद, तो मालक. ज्याने त्या बोटीवर खलाशी म्हणून घाम गाळला, तो नोंदीबाहेर. वाटे मोठ्या कंपन्यांकडे एकवटत गेले आणि कित्येक लहान बंदरगावांच्या हातचा धंदा सुटला. नव्याने धंद्यात येऊ पाहणाऱ्याला जो हक्क पूर्वी सर्वांचा होता तो पैसे मोजून घ्यावा लागू लागला. दोघा मच्छिमारांनी हे प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपर्यंत नेले. २००७ साली समितीने निर्णय दिला, की सुरुवातीला ज्यांना फुकट वाटा मिळाला त्यांना कायमचा मालकी हक्क देणारी ही पद्धत समतेच्या तत्त्वाशी विसंगत आहे. आकडेवारीतून खाजगी मालमत्ता कशी जन्मते याचे याहून स्वच्छ उदाहरण अर्थशास्त्राच्या पुस्तकांत सापडणे कठीण आहे. भारतात असे घडलेले नाही. पण घडण्यासाठी लागणारी पहिली वस्तू, म्हणजे बोटवार इतिहास, आता जमू लागली आहे.

पाळत सर्वांवर सारखी असती तरी एक वेळ समजले असते. जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात उपग्रहांच्या छायाचित्रांवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जगातील औद्योगिक मासेमारी करणाऱ्या जहाजांपैकी सुमारे तीनचतुर्थांश जहाजे सार्वजनिक माग-पद्धतीत दिसतच नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ३०० टनांवरील जहाजांनी परदेशी सफरीत स्वतःचा ठावठिकाणा प्रक्षेपित करावयाचा असतो. मासेमारी जहाजांना तो नियम सरसकट लागू नाही. ज्यांना लागू आहे त्यांनाही यंत्र बंद करण्याची कला अवगत असते. तिकडे मोठे जहाज अंधारात, आणि २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर इकडचा लहान मच्छिमार मात्र ओळखपत्र, बोटीचा ठराविक रंग, नोंदणी क्रमांक, जाताना-येताना टोकन अशा उजेडात उभा. त्या हल्ल्यात बळी गेलेल्या ‘कुबेर’ बोटीवरचे खलाशी मच्छिमारच होते, ही गोष्ट सोयीस्करपणे विसरली गेली.

आता किनाऱ्याकडे वळू. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची, दुसरी २०११ ची, तिसरी २०१९ ची. तिन्हींचा गाभा एक रेषा आहे: भरतीरेषा. तिच्यापासून किती मीटरवर काय बांधता येईल हे ठरते, म्हणून ती रेषा दहा मीटर इकडे की तिकडे यावर कोट्यवधींचे व्यवहार अवलंबून असतात. २०१९ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोक राहत असतील तेथे बांधकाम-मुक्त पट्टा ५० मीटर, त्याहून कमी असतील तेथे २००. २,१६१ हा आकडा समुद्राला माहीत नाही. लाट घनता विचारून येत नाही. उलट जेथे माणसे दाट तेथे वादळाचा धोका अधिक माणसांना. पण आकडा इतका नेमका आहे की त्याच्यापुढे प्रश्न विचारणाराच अडाणी दिसावा. भारतीय सर्वेक्षण विभागाने समुद्रपातळी, लाटा, धूप यांचा विचार करून धोकारेषाही आखली आहे. २०१९ मध्ये ती केवळ आपत्ती-व्यवस्थापनाचे साधन म्हणून ठेवण्यात आली. बांधकामाला तिचा अडसर राहिला नाही. म्हणजे एक रेषा कायदा झाली आणि दुसरी सल्ला. दोन्ही शास्त्रीयच. कोणत्या शास्त्राला दात द्यायचे आणि कोणते बोळके ठेवायचे हा निर्णय मात्र शास्त्राचा नव्हता.

याच अधिसूचनांत मच्छिमारांच्या बाजूने एक कलम आहे, आणि ते फार थोड्या कार्यकर्त्यांनी वाचलेले आहे. किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या नकाशांत मच्छिमार वसाहती, त्यांच्या सामायिक जागा, मासळी सुकवण्याची ठिकाणे, धक्के, बर्फ कारखाने, पाण्यातील मासेमारीची क्षेत्रे आणि माशांच्या विणीच्या जागा दाखवल्या पाहिजेत. वसाहतींच्या भावी घरांच्या गरजेचा आराखडाही राज्याने केला पाहिजे. कायद्याचा हुकूम इतका स्पष्ट असताना मसुदा नकाशांवरील सुनावण्यांत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरून हीच हरकत पुनःपुन्हा नोंदली गेली: कोळीवाड्याची हद्द नाही, वलांड्यांची जागा नाही, मासेमारीचे क्षेत्र नाही. बोंबील वाळत घालण्याच्या वलांड्या उपग्रहाच्या छायाचित्रात रिकामे मैदान दिसतात. पावसाळ्यात तर तेथे खरोखरच काही नसते. रिकामे मैदान म्हणून नकाशात गेले की पाच-दहा वर्षांत तेथे उद्यान, वाहनतळ किंवा पर्यटन निवास उभे राहण्यास अडचण उरत नाही. आणि ही जागा बहुतांशी बायकांच्या कष्टाची जागा आहे. बोटीची नोंदणी पुरुषाच्या नावावर असते. निवडणे, सुकवणे, खारवणे, विकणे या कामांची नोंद कोठेच नसते. नकाशातून वलांडी गेली की कुटुंबातील निम्म्या श्रमिकांचा कारखाना बंद पडला, पण टाळेबंदीची नोटीस कोणाला मिळत नाही.

कधी कधी वलांडीच काय, अख्खी खाडी नाहीशी होते. चेन्नईच्या उत्तरेस एन्नोरची खाडी आहे. १९९६ साली केंद्राने मंजूर केलेल्या नकाशात ती दाखवलेली आहे. पुढे माहितीच्या अधिकारात राज्य यंत्रणेकडून जो दुसरा नकाशा बाहेर आला त्यात खाडीचा मोठा भाग नव्हता! भोवती बंदर, औष्णिक वीज केंद्रे, राखेचे तलाव. खाडी कागदावर नसेल तर तिच्यावर भराव घालणे हा गुन्हा कसा ठरावा? हा प्रकार उघड झाला तो तेथील मच्छिमारांनी आणि त्यांच्या साथीदारांनी दोन नकाशे शेजारी ठेवल्यामुळे. यासाठी त्यांना पदवी लागली नाही. खाडी त्यांना पाठ होती.

समुद्रतळाचीही हीच कथा आहे. २०२३ साली अपतटीय खनिजांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन लिलावाचा मार्ग मोकळा झाला आणि २८ नोव्हेंबर २०२४ रोजी तेरा गटांचा पहिला लिलाव पुकारला गेला: गुजरातजवळ चुनखडीचा चिखल, ग्रेट निकोबारजवळ बहुधातू गोटे आणि कवच, केरळात कोल्लमजवळ बांधकामाची वाळू. भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या अंदाजाने केरळच्या किनाऱ्यालगत ७४.५ कोटी टन वाळू आहे. सर्वेक्षण वाळूचे होते म्हणून वाळू सापडली. तोच उथळ तळ कोल्लमच्या मच्छिमारांच्या भाषेत ‘परप्पू’ आहे, दक्षिण केरळाचे अन्नकोठार आहे. एकाच जागेची दोन नावे, दोन नकाशे. लिलावाच्या कागदात अर्थातच एकाचाच समावेश झाला. २७ फेब्रुवारी २०२५ रोजी केरळच्या किनाऱ्याने हरताळ पाळला आणि पुढच्याच महिन्यात विधानसभेने विरोधाचा ठराव एकमताने केला.

निसर्गरक्षकांनीही स्वतःला या दोषातून मुक्त समजू नये. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. प्रवाळ, शैवाल, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे जलजीवन जपावे ही इच्छा योग्यच होती. पण हद्दी आखल्या गेल्या त्या मच्छिमारांना न विचारता, आणि आज चार दशकांनीही ते अभयारण्य गावकऱ्यांच्या मनात परके आहे. ट्रॉलरचा आणि पर्ससीनचा सर्वांत कडवा विरोधक जो पारंपरिक रापणकार, त्यालाच अभयारण्याचा शत्रू करून ठेवण्याचे कर्तृत्व नकाशाकाराचे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार २०३० पर्यंत समुद्राचा तीस टक्के भाग संरक्षित करावयाचा आहे. टक्केवारी गाठण्याच्या घाईत किती मालवणे होणार?

येथे कोणी म्हणेल, की मग यंत्रे मोडून टाकावीत काय? असे कोणीही सांगितलेले नाही. माहिती श्रमिकाच्या हातात आली तर काय होते याचा पुरावा केरळातच आहे. १९९७ ते २००१ या काळात उत्तर केरळात मोबाइल फोन आले, तेव्हा पेडव्याच्या बाजारावर काय परिणाम झाला याचा रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. पूर्वी एका बंदरावर मासळी फेकून दिली जाई आणि काही मैलांवर गिऱ्हाईक रिकाम्या टोपलीने परत जाई. समुद्रातूनच भाव विचारता येऊ लागल्यावर फेकाफेक थांबली, मच्छिमाराचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे चार टक्क्यांनी स्वस्त मिळाली. दोघांचेही भले झाले. फरक इतकाच, की फोन मच्छिमाराचा होता आणि प्रश्नही त्याचाच होता. महाराष्ट्रातही जानेवारी २०२५ पासून ड्रोनने समुद्रावर गस्त सुरू झाली. बंदी मोडून किनाऱ्यालगत घुसणाऱ्या पर्ससीन व एलईडी नौकांवर कारवाई करावी ही पारंपरिक मच्छिमारांची जुनी मागणी होती. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा चार दशके पुराव्याअभावी लुळा पडला होता. ड्रोनचे छायाचित्र हा पुरावा आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे. हैदराबादच्या सागरी माहिती केंद्राकडून मिळणारी मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना मराठीतही येते आणि फुकट येते. फुकट माहिती मात्र समान माहिती नसते. पन्नास मैलांवर थवा आहे हे दोघांनाही कळते. तेथे पोचण्याइतके डिझेल आणि अश्वशक्ती एकाकडेच असते. भांडवलाची विषमता तशीच ठेवून माहिती वाटली की ती विषमतेलाच वंगण घालते.

वरळीच्या कोळ्यांनी या वादाला एक नेमका धडा जोडला आहे. सागरी किनारा मार्गाच्या पुलाच्या दोन खांबांत ६० मीटर अंतर बोटींना पुरेसे आहे असे तज्ज्ञांच्या मापाने ठरले होते. कोळी म्हणत होते की वारा, ओढ आणि भरती एकत्र आल्यावर बोट सरळ रेषेत जात नाही, ती आडवी वाहते. महिनोन्‌महिने काम अडवून, उपोषणे, वाटाघाटी करून शेवटी अंतर १२० मीटर करण्यात आले. अभियंत्यांचे गणित चुकले होते असे नव्हे. बोट कशी चालते ही सामग्रीच त्या गणितात घातली नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मच्छिमारांचे परस्परांतील दावे जुळतात का? जुळत नाहीत. डोलीचे खुंट रोवण्याच्या ठरलेल्या जागेला ‘कव’ म्हणतात. पालघर-डहाणूकडील दालदी जाळ्यांचे मच्छिमार आणि वसई-उत्तनकडील डोलकर यांच्यात या कवींवरून वर्षानुवर्षे तंटे चालू आहेत. जाळी कापली गेली आहेत, माणसे जखमी झाली आहेत. पारंपरिक हक्क म्हणजे सुखाचे रामराज्य अशी भाबडी समजूत कार्यकर्त्यांनी बाळगू नये. परंतु या तंट्यातून निष्कर्ष उलटा निघतो. ज्या जागेला हद्द नसते तिच्यावर हद्दीचा तंटा होत नाही. समुद्र निळा व रिकामा नसून बारकाईने वाटलेला आहे, त्याला नियम आहेत, नियमभंग आहेत, पंच आहेत, याचाच तो दाखला. सामायिक संपत्ती नासतेच असे मानणाऱ्या अर्थशास्त्राला एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात उत्तर दिले आणि त्या कामाला २००९ चे नोबेल मिळाले. लोक स्वतः नियम करतात, पाळतात व मोडणाऱ्याला शिक्षा करतात, मात्र ते नियम करण्याचा त्यांचा हक्क वरच्या सत्तेने मान्य करावा लागतो, हे त्यांनी दाखवून दिले.

हा हक्क मान्य करण्याची रीत या देशात नवी शोधावी लागणार नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलाबाबत ती घालून दिली आहे. दावा ग्रामसभा करते, हद्द ग्रामसभा दाखवते, आणि नियमांनुसार गावातील वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हाही पुरावा धरला जातो. त्याच आधारे गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. जे गोंड आदिवासी वर्षानुवर्षे वनखात्याच्या नकाशावर अतिक्रमणदार होते, ते त्या नकाशाचे हक्कदार झाले. पारंपरिक मच्छिमारांच्या हक्कांचा असाच एक मसुदा २००९ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयात तयार झाला होता. त्याचा कायदा झाला नाही. तो मसुदा धुळीतून बाहेर काढून, त्यात डोलीच्या कवी, रापणीचे पट्टे, वलांड्या आणि खाडीतील शिंपल्यांच्या जागा यांवर सामूहिक दावा करण्याची तरतूद घालून, आणि बोटींच्या हालचालींची व मासळीची जी नोंद सरकार साठवते तिची मालकी सहकारी संस्थांकडे ठेवून तो पुन्हा मांडला पाहिजे. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा व्यक्तीपुरता आहे. गावाची माहिती, जमातीची माहिती असा काही प्रकार असतो हे त्याला ठाऊक नाही.

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. किनारा आराखड्यात मच्छिमारांच्या जागा दाखवण्याचे कलम आजही अंमलात आहे. मच्छिमार सोसायट्यांची जुनी दप्तरे, कवींच्या तंट्यांत झालेले पंचनामे व समझोते, डिझेल परताव्याच्या वह्या, बंदर खात्याच्या पावत्या, जमातीच्या बैठकांचे ठराव हे सर्व गावोगाव पेट्यांत पडून आहे. तांडेलांना कव कोठे हे वावांत आणि डोंगराच्या खुणांवरून सांगता येते. तरुण मुलांच्या खिशातील फोनला तीच जागा अक्षांश-रेखांशात मांडता येते. कोणती जागा सरकारला द्यायची आणि कोणती गावापुरती राखायची, हेही गावानेच बैठकीत ठरवावे. मासळीचे प्रत्येक ठिकाण जाहीर करण्याची सक्ती कोणत्याही कायद्यात नाही. पावसाळी बंदीच्या दोन महिन्यांत बोटी शाकारून ठेवलेल्या असतात आणि माणसे घरी असतात. पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या शाखांनी येत्या बंदीच्या काळात निदान एकेका गावाचा असा नकाशा पुरा करावा, त्यावर बायकांच्या सह्या पुरुषांइतक्याच घ्याव्यात, आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक सोसायटीत व एक पोच घेऊन जिल्हा किनारा समितीकडे दाखल करावी.